एकाच जागी बसून गाव कसे ऐकावे: नवोदितांसाठी मार्गदर्शन

विदर्भातील एखाद्या खेड्यात शिक्षक, ग्रामसेवक किंवा आरोग्यसेविका म्हणून नव्याने रुजू झालेल्यांसाठी, अभ्यासप्रकल्पाच्या निमित्ताने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि बरीच वर्षे शहरात काढून गावी परतलेल्यांसाठी हा लेख आहे. परिसरातील आवाज लक्षपूर्वक ऐकून त्यांची नोंद ठेवणे हे फारशा खर्चाचे काम नाही, पण त्याची पद्धत नीट माहीत नसेल तर आठवडाभरात कंटाळा येतो आणि वही कोपऱ्यात पडते. मी या कामाला लागलो तेव्हा हाती आलेली बहुतेक माहिती थंड हवेच्या देशांतील शहरे आणि बागा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली होती. वऱ्हाडातला मे महिना, कापसाचा हंगाम, रात्रीचे ओलीत आणि जंगलाच्या काठावरची वस्ती यांचा विचार त्यात कोठून असणार?

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. या कामात यंत्राला दुय्यम स्थान आहे. जागा एकच असणे आणि वेळ ठरलेली असणे याला पहिले. नवीन माणूस बहुधा आधी महागडे ध्वनिमुद्रण-यंत्र विकत घेतो, मग रोज निराळ्या ठिकाणी जाऊन दुर्मीळ आवाजांच्या मागे लागतो आणि शेवटी त्याच्याजवळ एकमेकांशी संबंध नसलेल्या तुकड्यांचा ढीग तेवढा उरतो. खालील पायऱ्या त्याच्या उलट क्रमाने लावल्या आहेत.

लागणारे साहित्य आणि कागदपत्रे

- जाड पुठ्ठ्याची वही आणि शिसपेन्सिल (पावसाच्या शिंतोड्यांनी शाईची अक्षरे फुटतात).
- साधे घड्याळ. वेळ मोबाईलवर पाहू नये, कारण तो हातात आला की लक्ष पडद्यावर जाते.
- बसायला पोते किंवा बोरा, पिण्याचे पाणी, सुती दुपट्टा, विजेरी, पावसाळ्यात गमबूट.
- ओळखपत्र आणि विद्यार्थी असल्यास महाविद्यालयाचे पत्र.
- मोबाईल किंवा ध्वनिमुद्रण-यंत्र. त्याची गरज सातव्या पायरीपासून पुढे आहे, तोवर ते घरीच ठेवावे.

१. बसण्याची एक जागा ठरवा

जागा घरापासून पायी जाता येईल इतकी जवळ असावी आणि तिच्या भोवती किमान दोन प्रकारचे परिसर एकमेकांना भिडलेले असावेत. गावठाण संपून पांदण सुरू होते तो कोपरा, शेताचा धुरा, शाळेच्या आवारातील कडुनिंबाचा पार, बोरिंगजवळचा ओटा अशा जागा उत्तम ठरतात. भंडारा, गोंदिया या धानपट्ट्यात मामा तलावाची (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातील जुन्या गावतलावाची) पाळ ही जागा मी सर्वांत वर ठेवीन, कारण तेथे एका बाजूने पाण्याचे आणि दुसऱ्या बाजूने बांध्यांचे (धानाच्या वाफ्यांचे) आवाज येतात आणि सकाळच्या गार हवेत पाण्यावरून येणारा आवाज लांबूनही स्वच्छ पोहोचतो.

टिनाच्या छपराखालची जागा टाळावी. उन्हाने पत्रा तापताना आणि निवताना सतत कडकडतो, आणि पाऊस सुरू झाला की त्याखाली दुसरे काहीही ऐकू येत नाही. कवेलूच्या (मातीच्या कौलांच्या) छपराखाली पावसाचा आवाज बराच मऊ असतो. तेथे थेंब, पागोळी आणि अंगणातील पाण्याचा ओहोळ हे तिन्ही वेगवेगळे ओळखता येतात.

२. वेळ ठरवा आणि ती का ठरवली हे समजून घ्या

दिवसातील दोन वेळा पुरेशा आहेत: सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्योदयापर्यंत, आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास. प्रत्येक बैठक वीस मिनिटांची असावी. पहिल्याच दिवशी दोन तास बसण्याचा निश्चय करू नये, तो टिकत नाही.

वेळ काटेकोर पाळण्याचे कारण हवेत आहे. ध्वनी उष्ण हवेत अधिक वेगाने जातो आणि त्यामुळे त्याची वाट नेहमी थंड हवेच्या बाजूला वळते. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापलेली आणि वरची हवा त्या मानाने थंड असते, म्हणून आवाज वर निघून जातो आणि दूरचे काहीच ऐकू येत नाही. हिवाळ्याच्या रात्री आणि पहाटे नेमके उलट घडते. जमिनीलगतची हवा थंड असल्याने आवाज खाली वळून दूरपर्यंत पोहोचतो. अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर, गोंदिया असा जाणारा मुंबई–हावडा लोहमार्ग ज्या गावांपासून काही किलोमीटरवर आहे, तेथे डिसेंबरच्या पहाटे गाडीची धडधड उंबरठ्यापर्यंत येते आणि मे महिन्याच्या दुपारी तीच गाडी गेल्याचे कळतही नाही. म्हणून दुपारची एक आणि पहाटेची एक अशा दोन नोंदींची तुलना करून ‘अमुक आवाज कमी झाला’ असा निष्कर्ष काढणे हा नवोदितांचा नेहमीचा सापळा आहे. तुलना करायची ती त्याच वेळेच्या, त्याच ऋतूतील आणि शक्यतो तशाच वाऱ्याच्या दोन बैठकांची. वाऱ्याची दिशा प्रत्येक नोंदीत लिहावी. वाऱ्यामागून येणारा आवाज जवळचा वाटतो आणि वाऱ्याविरुद्ध येणारा विरून जातो.

३. पहिली पाच मिनिटे वही उघडू नका

तुम्ही येऊन बसता तेव्हा भोवतालचे जीव गप्प झालेले असतात. पायांची चाहूल लागताच रातकिडे थांबतात, टिटवी ओरडत उठते, कुत्री भुंकतात. हे सर्व पूर्ववत होईपर्यंत काहीही लिहू नये. या अवधीत स्वतःच्या अंगावरचे आवाज शोधून बंद करावेत: किल्ल्यांचा जुडगा, बांगड्या, प्लास्टिकची पिशवी, सळसळणारा रेनकोट, दाढीवर घासणारी कॉलर. नंतर डोळे मिटून आधी सर्वांत दूरचा आवाज शोधावा, मग मधला, मग जवळचा. क्रम हाच ठेवावा, कारण जवळच्यापासून सुरुवात केली की कान तेथेच रेंगाळतो.

४. ध्वनी-नकाशा काढा

कोऱ्या पानाच्या मध्यभागी स्वतःसाठी एक फुली मारा, वर उत्तर दिशा लिहा आणि फुलीभोवती तीन वर्तुळे काढा: हाकेच्या आतले, हाकेच्या अंतरावरचे आणि त्यापलीकडचे. जो आवाज ज्या दिशेने व जितक्या अंतरावरून आला, तेथे एक लहानशी खूण करा. सतत चालणाऱ्या आवाजाला रेघ, तुटक आवाजाला ठिपके, सरकणाऱ्या आवाजाला बाण पुरेसा आहे. चित्र देखणे असण्याची काहीही गरज नाही. असे नकाशे जमले की गावाची रचना त्यात दिसू लागते. शेतातल्या मोटारी कोणत्या बाजूला आहेत, गुरे कोणत्या वाटेने निघतात, कोणत्या बाजूला झाडी शिल्लक आहे.

५. आधी वर्णन लिहा, नाव नंतर

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी हीच. आवाज कानी पडताच ‘पक्षी’, ‘मोटार’, ‘कुत्रा’ असे लिहून मोकळे झाले की ऐकणे तेथेच संपते. त्याऐवजी पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत: आवाज उंच पट्टीचा आहे की खालच्या, सलग आहे की तुटक, वाढत जातो की उतरतो, किती वेळ चालतो आणि कशाने थांबतो.

पावशाचे उदाहरण घ्या. उन्हाळ्याच्या अखेरीस तो ओरडू लागला की घरातले कोणीही सांगते, ‘पेर्ते व्हा’ म्हणतो. एकदा हे ठाऊक झाले की कान तेवढेच शब्द ऐकतो. शब्द बाजूला ठेवून ऐकल्यास लक्षात येते की ही तीन अंशांची साद पुन्हा पुन्हा येते, दर वेळी तिची पट्टी चढत जाते आणि सर्वांत वरच्या टोकाला ती एकाएकी तुटते. तांबट पक्ष्याची ‘टुक टुक’ याच्या नेमकी विरुद्ध आहे. ती एकाच पट्टीत, एकाच लयीत बराच वेळ चालते, मात्र तो डोके इकडेतिकडे फिरवीत असल्याने ती कधी जवळून तर कधी दुरून आल्यासारखी वाटते. भारद्वाजाचा घुमारा खालच्या पट्टीतला, खोल. सातभाईंचा कलकलाट एकट्याचा कधीच नसतो. पिंगळा, रातवा, होला, कोकीळ असे आठ-दहा आवाज याप्रमाणे पक्के झाले की पहाटेचा गोंधळ सुटा होऊ लागतो.

रातकिड्यांकडे नवोदित दुर्लक्ष करतात, आणि ते योग्य नव्हे. यांतील नर पुढचे पंख एकमेकांवर घासून आवाज काढतो आणि त्याची गती तापमानावर अवलंबून असते. एकाच किड्याचा आवाज धरून मिनिटात किती वेळा वाजतो हे ऑक्टोबरच्या उबदार संध्याकाळी आणि पुन्हा थंडी पडल्यावर मोजून पाहा. फरक मोजल्याबरोबर दिसतो. पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीनंतर साचलेल्या डबक्यांत बेडकांचा गजर सुरू होतो. तो नरांचा असतो. मोठ्या बेडकांचा पहिला भर थोड्याच रात्री टिकतो, म्हणून त्या दिवसांत आळस करून चालत नाही.

शक्य असल्यास एखादे शाळकरी मूल आणि एखादी वयस्क व्यक्ती सोबत घ्यावी. माणसाच्या कानाचा पल्ला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ मानला जातो, परंतु वयानुसार वरची टोके आधी जातात. बारीक किड्यांचा जो आवाज तुम्हाला ऐकूच येत नाही, तो मूल बोट दाखवून सांगते. आणि तो कोणत्या पिकात, कोणत्या महिन्यात येतो हे आजोबा सांगतात. गुरे चारणारा ढोरकी भेटला तर त्याच्यासोबत एक दिवस अवश्य काढावा. लाकडी घंटेच्या आवाजावरून झुडपाआड कोणाची गाय आहे हे त्याला कळते.

मर्लिनसारखे पक्ष्यांचे आवाज ओळखणारे ॲप वापरायला हरकत नाही, मात्र बैठक संपल्यानंतर. त्याचे उत्तर ही केवळ सूचना असते. झेनो-कँटो या संकेतस्थळावर त्या पक्ष्याच्या इतर नोंदी ऐकून खात्री करून घ्यावी. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी त्याचाच आवाज मोबाईलवरून वाजवणे मात्र टाळावे, विशेषतः विणीच्या काळात. तो ते आक्रमण समजतो आणि घरटे सोडून भांडायला येतो.

६. माणसांच्या कामाचे आवाज वगळू नका

निसर्गप्रेमी मंडळी माणसांचे आवाज ‘गोंगाट’ म्हणून वहीबाहेर ठेवतात. मला ते पटत नाही. कॅनडातील संगीतकार रेमंड मरी शेफर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात परिसरातील ध्वनींचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांच्या पथकाने भोंगे, घंटा आणि रहदारीही तितक्याच काळजीने नोंदवली. (त्यांचा जन्मदिवस, १८ जुलै, आता जागतिक श्रवण दिन म्हणून पाळला जातो.) त्यांनी केलेली वर्गवारी आपल्याला सहज वापरता येते. जो आवाज सतत पाठीमागे असतो आणि म्हणूनच लक्षात येत नाही, तो पायाचा. जो लक्ष वेधण्यासाठीच काढला जातो, तो सूचनेचा. आणि जो त्या गावाची ओळख बनलेला असतो, तो गावखुणेचा. पिंपळाची सळसळ किंवा दुकानातल्या फ्रीजची घरघर पहिल्या प्रकारात येते. एसटीचा हॉर्न, शाळेची घंटा, बाजाराच्या दिवशीची आरोळी दुसऱ्या प्रकारात. तिसऱ्या प्रकारासाठी गावकऱ्यांनाच विचारावे. अनेक गावांत संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, तिच्या आधी वाजणारी खंजिरी किंवा ध्वनिक्षेपकाची खरखर हीच तेथील वेळेची खूण असते.

कामाच्या आवाजांना हंगाम असतो, म्हणून त्यांचे वर्षाचे वेळापत्रक वेगळ्या पानावर मांडावे. पश्चिम विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये डवरणीच्या (उभ्या पिकात डवरा चालवण्याच्या) वेळी बैलांशी होणारे बोलणे, पोळ्याला घागरमाळा आणि तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या (पोळ्याची पारंपरिक कवने), दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे थ्रेशर, त्यानंतर कापसाच्या गाड्या आणि जिनिंगची (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याची) अखंड घरघर. पूर्वेकडे रोवणीच्या (धानाच्या लावणीच्या) वेळची बायांची गाणी आणि पुढे धानाची मळणी. थ्रेशरकडे कान देऊन पाहा. पेंढी आत गेली की यंत्रावर भार येतो, फेरे मंदावतात आणि आवाजाची पट्टी उतरते. ती पुन्हा चढली की चालवणारा पुढची पेंढी टाकतो. तो हे सारे कानानेच करीत असतो.

ओलिताच्या मोटारीचे तसेच आहे. तीन फेजपैकी एक गेली तर मोटार सुरू न होता नुसती गुणगुणते, विहिरीचे पाणी उतरून पंपाने हवा ओढली तर खडखडते, आणि अनुभवी शेतकरी अंथरुणावरूनच उठायचे की नाही ते ठरवतो. अनेक भागांत कृषिपंपांचा वीजपुरवठा दिवसा आणि रात्री असा पाळीने होत असल्याने, तुमच्या वहीतील रात्रीची शांतता पाळीबरोबर बदलते. ही बाब ठाऊक नसल्यास नोंदींचा अर्थ लावताना घोळ होतो. आठवड्याची पाळी गावात विचारून तारखेशेजारी लिहून ठेवावी.

नाहीसे झालेले आवाजही विचारून घ्यावेत. मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद मार्गांवरील शकुंतला गाडीचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये बदलून डिझेलचे आले आणि पुढे गाडीच बंद पडली. तिच्या शिटीवर दिवसाची कामे लावणारी माणसे त्या पट्ट्यात अजून भेटतात. अशा मुलाखतीत ‘तुम्हाला कोणता आवाज आठवतो?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ‘घड्याळ नव्हते तेव्हा शेतातून घरी केव्हा निघायचे हे कशावरून कळे?’ असे विचारल्यास उत्तरे भरभरून येतात.

७. आता ध्वनिमुद्रण करा

सुरुवातीला मोबाईल पुरेसा आहे. ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या स्वरूपात करणारे ॲप निवडावे, कारण दाबलेल्या स्वरूपात किड्यांचे बारीक आवाज आधी कापले जातात. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन वाहिन्या अशा मांडणीत एका मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, त्या हिशेबाने मेमरी मोकळी ठेवावी. ॲपमध्ये ‘आवाज स्वच्छ करणे’ किंवा ‘पातळी आपोआप राखणे’ अशा सोयी असतील तर त्या बंद कराव्यात. पहिली सोय माणसाचे बोलणे ठेवून बाकी सर्व पुसते. दुसरी शांततेत पातळी वाढवून नुसता सुसाटा नोंदवते. पातळी हाताने लावायची असल्यास सर्वांत मोठा आवाज ॲपच्या पातळीमापकावर (ज्यात शून्य ही कमाल असते) उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लावावी.

मोबाईल विमान-स्थितीत ठेवून घडी घातलेल्या दुपट्ट्यावर किंवा दगडावर ठेवावा, हातात धरू नये. वारा हा मुख्य शत्रू आहे. मायक्रोफोनवर फोमचे आवरण हवे, आणि वैशाखातील दुपारच्या झळांत तेही पुरे पडत नाही. त्या उन्हात यंत्र तापून बंद पडते, म्हणून दुपारचे मुद्रण सावलीतच करावे. बटण दाबल्यावर ठिकाण, तारीख, वेळ, तोंड कोणत्या दिशेला आहे आणि हवामान हे स्वतःच्या आवाजात सांगावे, मग किमान पाच मिनिटे हलू नये.

डेसिबल मोजणारी ॲप एकाच मोबाईलवर, एकाच जागी, कमी-जास्त समजण्यापुरती ठीक आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, परंतु वरातीतील डीजेविरुद्ध मोबाईलवरचा आकडा पुरावा म्हणून पुढे करू नये. त्यासाठी प्रमाणित ध्वनिमापक लागतो. आणि जिनिंग किंवा थ्रेशरशेजारी बराच वेळ थांबायचे असेल तर कानात बोळे घालावेत. ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज रोज तासन् तास ऐकल्याने कानाला होणारी इजा भरून येत नाही.

८. परवानगी आणि जिवाची काळजी

अनोळखी माणूस पहाटे धुऱ्यावर यंत्र घेऊन बसलेला दिसला की गावात चर्चा होणारच. सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी भेटून काम समजावून सांगावे. शेतमालकाला विचारावे. बाजारातले बोलणे, भजन, रोवणीची गाणी यांचे मुद्रण करण्यापूर्वी संबंधितांची संमती घ्यावी आणि नंतर ते त्यांना ऐकवावे. मयतीच्या घरचा आक्रोश कोणाच्याही परवानगीने मुद्रित करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा, मेळघाट यांच्या काठावरील गावांत नियम आणखी कडक पाळावेत. वनक्षेत्रात रीतसर प्रवेशाशिवाय जाऊ नये. काठावरही उजाडण्यापूर्वी एकट्याने बसू नये, पहाटेची बैठक घराच्या ओसरीवर किंवा गच्चीवर घ्यावी आणि कानात इअरफोन मुळीच घालू नयेत. वानरांचा तुटक खेकसण्याचा आवाज, चितळाची तीक्ष्ण हाक किंवा सांबराचा ठणकारा एकाच दिशेने पुन्हा पुन्हा आला, तर तेथे वाघ किंवा बिबट असण्याचा संभव असतो. तेव्हा नोंद थांबवून वस्तीत परतावे. रात्री शेतात जागल करणाऱ्यांना तुम्ही कोठे बसला आहात हे आधी कळवलेले असावे. अंधारात रानडुकराचा संशय येऊ शकतो.

विजांच्या दिवसांत मोजणी उपयोगी पडते. ध्वनी एक किलोमीटर जाण्यास सुमारे तीन सेकंद घेतो. वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वादळ १० किलोमीटरच्या आत आहे असे समजून झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच राहावे.

९. नोंदी जतन करा

फाईलचे नाव वर्ष, महिना, दिवस, वेळ आणि जागा या क्रमाने द्यावे, म्हणजे त्या आपोआप तारखेनुसार लागतात. वहीतील पानाचा क्रमांक त्याच नावात जोडावा. मुद्रण कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवायचे झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. व्हॉइस नोट करून पाठवल्यास ते दाबले जाते आणि पाचव्या पायरीतले अर्धे जीव त्यातून गळून पडतात. मूळ फाईल कधीही कापू नये, जे काही करायचे ते तिच्या प्रतीवर करावे. एक प्रत मेमरी कार्डवर आणि दुसरी वेगळ्या घरात ठेवावी. शाळेतील संगणक त्यासाठी सोयीचा आहे, मात्र त्याचे स्वरूपण (फॉरमॅट) करण्याआधी तुम्हाला कळवावे असे मुख्याध्यापकांना सांगून ठेवावे. वहीचीही पाने मोबाईलवर छायाचित्रित करून त्याच फोल्डरात टाकावीत, कारण पावसाळ्यात वाळवी पुठ्ठ्यालाच आधी लागते.